आंगिशाचं साटंलोटं

आंगिशा माझी सवत. सवत म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. आता ही तिची उणीदुणी काढणार, असं त्यांना वाटतं. काढण्यासारखी होतीही. ती घोरायची, भेंडीच्या कालवणात मीठ हात आखडून घालायची आणि कुदळ घेऊन वावरात उतरली की दुसऱ्याला दम खाऊ द्यायची नाही. पण नवऱ्यापेक्षा मी तिच्याशी जास्त संसार केला. तिचं जे झालं ते मी विसरणार नाही आणि माझ्यासमोर कोणाला विसरूही देणार नाही.

आमच्या नवऱ्याचं नाव बेकुरी. आम्हा गुमुझ लोकांत बायको विकत मिळत नाही. डोंगरावरचे लोक पोरीसाठी गुरं देतात, नोटा मोजतात, आणि आमची माणसं त्यांना हसतात. पोरगी काय बकरी आहे विकायला? आम्ही माणसाच्या बदल्यात माणूस देतो. तुझी बहीण मला, माझी बहीण तुला. ज्याला बहीण नाही तो चुलत्याच्या दारात बसतो, तिथंही कोणी नसली तर जन्मभर स्वतःची नाचणी स्वतः दळतो. हे सगळं पुरुष फार अभिमानानं सांगतात. बहिणींना कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

बेकुरीची सख्खी बहीण मेंझा. ती बेलेस नदीपलीकडच्या डुगाझला दिली आणि डुगाझची बहीण आंगिशा इकडे आली. दोघींना एकाच दिवशी घराबाहेर काढलं. नदीच्या उतारापाशी दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली. आंगिशा सांगायची, "मेंझाचं तोंड मी तेवढंच पाहिलं गं. ती रडत होती, मीही रडत होते. एकमेकींकडे बघून आणखीच रडलो. मग दोन्हीकडचे म्हणाले, चला, पाणी वाढायच्या आत उरका."

असं साटंलोटं झालं की दोन घरं एकाच खांबावर उभी राहतात. तिकडे डुगाझनं मेंझाला बडवलं की बातमी नदी ओलांडून यायची, आणि इकडे बेकुरी आंगिशाला बडवायचा. रागानं नाही हं. भरपाई म्हणून. एकदा तर काठी हातात घेऊन तिला म्हणाला, "आज माझा तुझ्यावर तसा काही राग नाहीये. पण तुझ्या भावानं काल हात उचललाय." आणि मग मारलं. डुगाझ तापट होता, त्यामुळे आंगिशाची पाठ कधी बरी झालेली मी पाहिली नाही.

मी मागाहून आले, बेकुरीच्या चुलत बहिणीच्या बदल्यात. माझा भाऊ गरीब गाय. बायकोवर तर सोडाच, तो कोंबडीवरही ओरडत नाही. त्याच्या जिवावर माझी पाठ शाबूत राहिली. पहिल्या दिवशी मी झोपडीच्या दारात उभी होते, आता थोरली काय म्हणते या धास्तीत. आंगिशानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "भाऊ कसाय तुझा?"

"साधा आहे."

"नशीब काढलंस. ये, जेव."

आम्ही दोघींनी मिळून जंगल जाळून नवं वावर केलं, ज्वारी पेरली, तीळ पेरला. बाजाराच्या दिवशी खांद्यावर कावड घेऊन पुढंमागं चालायचो. तिच्या कावडीच्या एका टोकाला नाचणी असायची, दुसऱ्याला लाकडं, आणि ती मागं न बघता मला शिव्या घालायची, "अगं चाल की, नवरीसारखी काय पावलं टाकतेस!" नवऱ्याची नक्कल आम्ही वाटेतच करून घ्यायचो, घरी सोय नव्हती.

आमच्यात बाळंतपणाचं रक्त घरात सांडलेलं चालत नाही. वेळ आली की बाईनं एकटीनं ओढ्याकडे जायचं, मागं कोणी जायचं नाही. आंगिशाची आधीची दोन पोरं तिथंच गेली होती. तिसऱ्या खेपेला ती निघाली तेव्हा मी लाकडं तोडायचं निमित्त केलं आणि बांबूच्या बनात जाऊन बसले. तिला दिसत नव्हते, पण चाहूल लागली असणार.

"धाकटे, तू आहेस ना तिथं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. मग बोलत राहा."

दुपारभर मी बोलत राहिले. काय बोलणार? बेकुरीला शिव्या दिल्या, त्याच्या बापाला दिल्या, त्या संपल्यावर माझ्या माहेरच्या सगळ्या भांडणांची गोष्ट सांगितली. मध्येच ती कळ देताना हसायची आणि मला "मेले, मरू दे की नीट" म्हणायची. मग पोर रडलं. आंगिशानं बांबूच्या कपचीनं नाळ कापली, ओढ्यात स्वतःला धुतलं आणि पोरीला घेऊन आपल्या पायांनी घरी आली. तीच तिंगे.

तिंगे मोठी गोड पोर. बोलायची चुरूचुरू. बेकुरी जेवायला बसताना गुडघ्यावर हात टेकून कण्हायचा, ती त्याच्या पाठीमागं तस्सं कण्हून दाखवायची. तिच्यापुढं आंगिशाला काहीच मागायचं नव्हतं, फक्त एक सोडून. रात्री दळताना ती मला सांगायची, "धाकटे, हिचं साटंलोटं मी स्वतः बघून करणार. आधी पोराची वागणूक बघणार, त्याच्या आईला विचारणार. जिथं हात उगारतात तिथं माझी पोर द्यायची नाही. एवढं झालं की माझं झालं."

मग मेंझा पळाली. सरहद्दीकडून तीळ घ्यायला एक माणूस यायचा, त्याच्याबरोबर गेली. मी वावरात ज्वारी खुडत होते. बातमी ऐकली आणि कणीस फेकून म्हटलं, "बरं केलं! सुटली एकदाची."

आंगिशानं फेकलेलं कणीस उचललं. "सुटली खरी," ती म्हणाली. "पण धाकटे, ती गेली म्हणजे मीही गेले की."

खांब एकच होता, मी क्षणभर विसरले होते. डुगाझची बायको गेली तर बेकुरीच्या घरात डुगाझची बहीण कशाच्या बदल्यात राहणार?

डुगाझ आपल्या भाऊबंदांना घेऊन आला. भाते पाठीवर होते, बाण भरलेले. आमच्या गावातल्या चिंचेखाली ते बसले. आमचे लोकही धनुष्यं घेऊन समोर बसले. अशा बसण्यातून उठताना दोन्हीकडची माणसं कमी झालेली आम्ही पाहिली आहेत. मधे दोन्ही गावांचे म्हातारे होते. बायका लांब उभ्या होत्या, कारण अशा बैठकीत बाईनं बोलायचं नसतं. बोलणं मात्र बाईबद्दलच चाललेलं असतं.

डुगाझ म्हणाला, "माझी चूल बंद पडलीय. माझी बहीण परत द्या. नाहीतर तिची पोरगी द्या, मी ती दुसरीकडे देऊन बायको आणतो. दोन्ही देणार नसाल तर तसं सांगा, आम्ही बाण घेऊनच आलोय."

"अरे दादा, ती तुझी भाची आहे!" आंगिशा लांबूनच ओरडली.

"म्हणूनच मागतोय," डुगाझ म्हणाला. "परक्याची पोर मला कोण देणार?"

तिंगेचे दुधाचे दात नुकते पडून गेले होते. बेकुरी एकदा आंगिशाकडे बघायचा, एकदा तिंगेकडे. बाजारात दोन कोंबड्या पुढ्यात असल्या आणि एकच परवडत असली की माणूस बघतो, तसा. मला वाटलं, हा आता पोरीकडे बोट करणार. आंगिशालाही तेच वाटलं असणार, कारण ती बायकांतून निघाली आणि सरळ चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

"मी जाते," ती म्हणाली. "पोरीला हात लावायचा नाही."

एक म्हातारा खेकसला, "बाई, तू मागं हो."

"होते की. इतकी मागं होते, की नदीपलीकडे जाते. पण आधी ह्यानं शपथ घ्यायची. तुम्ही सगळे बसलेले असताना."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. रक्त न सांडता भांडण मिटतंय म्हटल्यावर त्यांना तरी काय हवं होतं? बेकुरीनं भाला जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्यावरून पाय टाकून म्हणाला, "तिंगेच्या आईला विचारल्याशिवाय मी तिंगेला कुणाला देणार नाही. दिली तर हाच भाला माझ्या पोटात शिरो."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आंगिशानं विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पोरं बापाच्या कुळाची. आई गेली तरी पोर राहते, त्यावर बोलणंही होत नाही. आंगिशानं आपलं दळणाचं भांडं, कुदळ आणि पाण्याचा भोपळा एवढंच कावडीला बांधलं. तिंगे कावडीला धरून लोंबकळली. "आये, मी पण! आये, मी चालेन, मला उचलायला नको!" मी तिचे हात सोडवले. बोटं एकेक करून सोडवावी लागली. आंगिशा मला म्हणाली, "हिला मारू नकोस. खोड्या करेल, पण मारू नकोस." जणू मी कधी मारलं होतं.

डुगाझनं बहिणीला जेमतेम एक पावसाळा घरात ठेवलं. मग तिला नदीच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्याला दिलं आणि त्याची पुतणी बायको म्हणून आणली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून सतत पाणी गळायचं, आणि चालताना त्याला खांदा लागायचा. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय? बाजारात आमची गाठ पडायची तेव्हा मी विचारायचे, "म्हातारा कसाय?"

"मारायला त्याला आधी मी सापडावी लागते," ती म्हणायची. "तिंगे कशीय ते सांग."

"माझ्या खांद्याला लागते आता."

"कामाला?"

"जीभ चालते तेवढे हात चालत नाहीत."

त्यावर ती खूश व्हायची. तिंगेसाठी मणी द्यायची, मधाचं पोळं द्यायची आणि दरवेळी विचारायची, "कोणी मागायला आलं नाही ना?"

"आलं तरी काय? तुला विचारल्याशिवाय बेकुरी देतोय होय? भाला ओलांडलाय त्यानं."

पुढं म्हातारा अंथरुणाला खिळला आणि आंगिशाचं बाजाराला येणं बंद झालं.

त्याच वर्षी गावात शहरातून एक बाई आली. गाडीतून उतरली, चिंचेखाली उभी राहिली आणि म्हणाली, साटंलोटं हा गुन्हा आहे, मुलगी ही वस्तू नाही, मुलीला विचारल्याशिवाय लग्न करायचं नाही. इतकं छान बोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं बेकुरीनं वाजवल्या, म्हणून बाईनं त्याला एक टोपी दिली. कापणी झाल्यावर तीच टोपी घालून तो डांगूर डोंगरापलीकडे गेला आणि तिंगेचं ठरवून आला.

मला त्यानं वाढता वाढता सांगितलं. म्हणजे मी वाढत होते, तो जेवत होता. "वावर पडीक पडलंय. एका बायकोवर भागत नाही. तिंगे आता घोड्याएवढी झाली. पोराची बहीण झिमा म्हणून आहे, धडधाकट आहे. ती इकडे येईल."

"तुला बायको पाहिजे म्हणून पोरगी देतोस?"

"मग काय माझी म्हातारी आत्या देऊ?"

"आणि भाला? आंगिशाला विचारलंस?"

तो जरा बिचकला, खोटं कशाला सांगू. जेवण अर्धं टाकून म्हाताऱ्यांकडे गेला. मीही मागोमाग गेले. चिंचेखाली बसून सगळी माणसं अगदी शांतपणे विचार करत होती, आणि मला वाटलं, चला, ह्यांना तरी आठवतंय. मग ज्यानं आंगिशाला मागं व्हायला सांगितलं होतं तोच म्हातारा बोलला. "शपथ बेकुरीनं कुणाला दिली होती? त्याच्या बायकोला. ती आज त्याची बायको आहे का?"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग ती शपथ आज कुणाजवळ आहे?"

कुणाजवळच नव्हती. बेकुरीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मी ओरडले, "अरे, ती तुमच्या बाणांपायीच गेली ना? तुमची पोरं मरू नयेत म्हणून गेली! आता तीच गेली म्हणून शपथ गेली होय?" म्हातारा म्हणाला, "हिला घरी ने." बेकुरीनं नेलं. त्या दिवशी माझ्या गरीब भावानं काहीही केलेलं नसताना माझ्या पाठीवर काठी तुटली.

तिंगे गेली. जाताना ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आयेला कळलं का?" मी म्हटलं, "निरोप धाडते." धाडलाही, दोनदा, बाजारातल्या बायकांबरोबर. पण असली बातमी कोण शेवटपर्यंत नेतं? वाटेतच टाकून देतात.

नंतर पावसाळा आला आणि गेला. नदी उतरली तेव्हा आंगिशा आली. म्हातारा मेला होता, आणि त्याच्या पुतण्यांना ही उतरलेली बाई ठेवून घ्यायची नव्हती. तिनं डोकं वर करून आमचं अंगण ओलांडलं. कावडीच्या एका टोकाला निवडलेली नाचणी होती, दुसऱ्याला तीळ आणि मधाचा भोपळा. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच.

"तिंगे कुठाय गं? ओढ्यावर गेलीय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शपथेचंही. ऐकताना तिनं कावड खांद्यावरून काढलीच नाही. मग हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "बदल्यात कोण आलीय?"

झिमा तेवढ्यात भोपळ्यातून पाणी घेऊन बाहेर आली. तिंगेच्याच वयाची. डावा डोळा सुजून मिटला होता. आदल्या बाजारी बातमी आली होती की तिंगेला तिच्या नवऱ्यानं बडवलं, आणि बेकुरीनं इकडे लगेच भरपाई केली होती.

आंगिशानं तिच्या डोळ्याकडे बघितलं. पाणी प्यायली. "तुझ्या भावाचा हात जड आहे ना?"

"हो," झिमा म्हणाली. "लहानपणी मलाही मारायचा." तिनं माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं, मग आंगिशाच्या जवळ सरकली. "तू तिंगेची आई ना, मावशी? मग तुला सांगते. मी इथं राहणार नाही. पळायची वाट हेरून ठेवलीय. मी गेले की तुझ्या लेकीला परत पाठवतील. तुलाही बरंच की."

आंगिशाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. कित्येक वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. तिनं पोरीचं मनगट धरलं. "कधी जाणार? एकटी जाऊ नकोस, उताराला मी येते. पलीकडची वाट मला ठाऊक आहे."

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. पण ते तिला कधीतरी कळणारच होतं. मी म्हटलं, "थोरले, तिंगेला मुलगा झालाय. महिनाही झाला नाही. अंगावर पितोय अजून."

तिनं मनगट सोडलं नाही. पण धरणं बदललं, ते झिमालाही कळलं असणार, कारण ती हात ओढायला लागली.

"थांब," आंगिशा म्हणाली. "जाऊ नकोस."

"आत्ता तर म्हणालीस..."

"तू गेलीस तर तिला माघारी धाडतील आणि पोराला तिथंच ठेवतील. पोर बापाचं. पोरावरची तिची बोटं कोण सोडवणार? नाही. तू जायचं नाहीस."

"तो मला मारतो, मावशी."

"माहीत आहे गं. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"आणि एखाद्या दिवशी इथंच मेले तर?"

आंगिशानं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "मेलीस तर चालेल," ती म्हणाली. "मेलेलीच्या बदल्यात कोणी कुणाला परत धाडत नाही. फक्त पळू नकोस."

आमच्या गावात आलेल्या बायकांत तिच्याइतकी मायाळू बाई मी पाहिली नाही. आजही मी तेच म्हणते. तिनं तिंगेसाठी आणलेली नाचणी आमच्या कणगीत ओतली, मधाचा भोपळा झिमाच्या हातात दिला आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेली. कुठं ते मला सांगितलं नाही. पुढं कळलं, ती डांगूरपलीकडे तिंगेच्या गावाबाहेर झोपडी घालून राहिली होती आणि तिथंच वारली.

झिमा पळाली नाही. तिंगेचं पोर अंगावरून सुटेपर्यंत तरी थांब, असं मीच तिला सांगत होते. ते सुटलं तोवर झिमालाच दिवस गेले होते.